पणजीतल्या ‘प्रोजेक्ट’वाल्यांकडे बाबांचे पडदे नेले तेव्हा

बाबांनी रंगवलेले नाटकाचे जुने पडदे नीट करून लोकांना दाखवायचे, त्या खर्चाचा अंदाज मी वहीत लिहून नेला होता. मांजरपाट, सरस, रंग, फोटोग्राफर, टेम्पो, छपाई, मदतीला दोन पोरं, त्यांचं जेवण, दोन वेळचा चहा. एकूण ६,४०,०००. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही पानं खालून वर वाचली आणि म्हणाल्या, "बाय, हातूंत तुजे पयशे खंय?"

"माझे कसले?" मी म्हटलं. "बाबांचेच पडदे ना ते."

पोरांच्या चहाचे पैसे लिहिणारी मी, चार महिने काम करणार त्याचा एक रुपया धरला नव्हता. बाई हसल्या नाहीत. पेन उचललं आणि वहीत माझ्याच अक्षरांखाली ओळ घातली: ‘कलाकाराचं मानधन’. पुढची जागा मोकळी सोडली आणि म्हणाल्या, आकडा तूच घरून घालून आण. तो घालायला मला आठ दिवस लागले. ४०,००० लिहिले, खोडले, २५,००० लिहिले, परत ४०,००० केले.

ही सेवा काय आहे ते आधी सांगते. पणजीत मळ्यातल्या एका जुन्या घराच्या माडीवर दोघंजण बसतात. एक या बाई, दुसरा हिशेब बघणारा तरुण. नाटक, छोटा माहितीपट, गाण्यांचा संच, प्रदर्शन, पुस्तक, असलं काही स्वतःच्या हिंमतीवर करू पाहणाऱ्यांना ते आखणी करून देतात, पैसे कुठून मिळतील ते शोधतात आणि काम पुरं होईपर्यंत मागे लागतात. नाव लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि पणजी ती केवढीशी, उद्या बाजारात समोरासमोर यायचं आहे. पहिली भेट फुकट. आखणीचे १५,०००, आणि जमलेल्या रकमेवर सात टक्के. जमलंच नाही तर सात टक्केही नाहीत.

माझं काम असं: बाबा फोंडा तालुक्यातल्या उत्सवी नाटकांचे पडदे रंगवायचे. आमच्याकडे देवाची जत्रा किंवा कालो म्हटलं की रात्री मराठी नाटक आलंच, आणि नाटक म्हणजे महाल, रस्ता, बाग, जंगल, तुरुंग. त्यातले अकरा पडदे आमच्या माळ्यावर पोफळीच्या दांड्यांना गुंडाळलेले होते. बाबा २००९ साली गेले, तेव्हापासून ते कुणी उलगडले नव्हते. मी शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टीत एक पडदा खाली काढला तर घडीघडीवर बुरशी, एका कडेला वाळवीची माती, आणि मधोमध बाबांचं जंगल तसंच्या तसं. दोन हरणं, मागे धबधबा, आणि एका हरणाच्या पोटावर पेट्रोमॅक्सने जळलेला डाग, ताटलीएवढा. सरसात कालवलेला पुडीचा रंग बोटाला लागत होता. हे नीट करावं, फोटो काढावेत, एक पुस्तिका करावी, लोकांना दाखवावं, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी जो प्रश्न विचारला तो पहिल्याहून वाईट होता. हे पडदे कुणाचे?

"आमच्या माळ्यावर आहेत," मी म्हटलं. तरुणाने विचारलं, रंगवायचे पैसे कुणी दिले होते? गावच्या नाट्यमंडळाने. मांजरपाटसुद्धा त्यांनीच आणून दिला होता. मंडळाची खोली गळायला लागली म्हणून पडदे आमच्याकडे ठेवले, ते तिथेच राहिले. मग त्याने मला १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं सतरावं कलम मराठीत समजावून दिलं. कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं, आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर त्या चित्राचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, काढणाऱ्याचा नव्हे. म्हणजे कापड मंडळाचं, आणि त्या जंगलाचे फोटो पुस्तकात छापायची परवानगी देणारंही मंडळच. चित्राखाली बाबांचं नाव घालायचा हक्क मात्र त्याच कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने चित्रकारापाशी राहतो, तो विकला तरी जात नाही.

त्या दिवशी फोंड्याच्या कदंब बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले होते, कुणाशी बोलावंसं वाटेना. बाबांच्या हाताखाली सरस ढवळत मी मोठी झाले, आणि हा कालचा पोरगा सांगतो की ते आमचे नाहीत. पण खरं तेच होतं. त्यांनी दीड पानाचं पत्र मराठीत करून दिलं, मंडळाच्या अध्यक्षांनी उभ्या उभ्या सही केली, वर चहा पाजला. हे पत्र नसतं तर पुस्तिका छापून झाल्यावर कुणीतरी उठून विचारलंच असतं. गावात विचारणारे असतात. १५,००० मधले दहा हजार तरी मी या एका पत्राचे समजते.

आखणीबद्दल मात्र तोंडावर सांगितलं तेच इथे लिहिते. सहा लाखांचं काम त्यांनी तोडून तीन टप्पे केले, ते उत्तम केलं. पहिल्या टप्प्यात चारच पडदे, फोटो, छोटी पुस्तिका आणि एक रात्रीचं दाखवणं. माझं मानधन आणि अडीअडचणीचे दहा टक्के धरून २,५२,०००. आकडा ऐकून माझाच श्वास सुटला. पण रंगीत चौकोनांचं जे वेळापत्रक आलं त्यात पडदे उलगडून साफ करायचं काम जुलैत! गोव्यात, जुलैत, सरसाचा रंग! त्या दिवसांत आमच्याकडे कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी चढते. ओलसर हवेत सरस चिकट होतो, घडी उलगडताना एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. फोटोग्राफर बोलावला होता तो ऐन गणेश चवथीच्या आठवड्यात. दोघं गोव्याचेच, तरी हे कसं सुटलं कोण जाणे. सगळं उचलून दिवाळीनंतर नेलं.

आणि दिवाळीनंतर हे दोघं सापडत नाहीत. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव, तेव्हा पणजीतल्या असल्या कामाच्या प्रत्येक माणसाला दुसरीकडून बोलावणं असतं. आमचा जत्रांचा हंगाम तोच. टेम्पोवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची होती, तेव्हा तीन दिवस फोन वाजत राहिला. चौथ्या दिवशी "सॉरी मॅडम" असा निरोप. एरवी मी ‘बाय’, अडचणीत ‘मॅडम’.

पैशांचं सविस्तर लिहिते, कारण मला विचारणारे बरेच आहेत. एवढं करून कंपन्या देतात का? नाही. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्चायचे, हे कंपनी कायद्यातलं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यात कला, वारसा, पारंपरिक कारागिरी बसते हे खरं, पण ते पैसे एकट्या कलाकाराच्या हातात देता येत नाहीत. त्यासाठी नोंदणी केलेली संस्था मध्ये लागते, आणि तिचा सीएसआर-१ हा अर्ज भरलेला असावा लागतो. आमच्या मंडळाचा नव्हता. तरी या दोघांनी वेर्ण्यातल्या कंपन्यांना तीन पत्रं धाडली. उत्तर एकाचंही नाही. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या परदेशी संकेतस्थळावर भारतात राहणाऱ्याला स्वतःच्या नावाने प्रकल्प टाकताच येत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून त्यांनी माझी एक खुळी आशा मारली. चांगलं केलं. माझ्या स्वतःच्या खात्यावर वर्गणी घ्यायलाही नको म्हणाले. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात ५०,०००च्या वर भेट आली की ती सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. तेव्हा खातं मंडळाचं, हिशेबाची वही वेगळी, पावतीपुस्तक खजिनदारांकडे. ‘८०जीची सवलत मिळणार नाही’, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सूट नाही, हेही आवाहनात ठळक छापायला लावलं. मला वाटलं, हे वाचून कोण देणार? ७३ जणांनी दिले. निम्म्याहून जास्त आमचे मुंबयकार, जे वर्षातून एकदा जत्रेला येतात आणि पहिल्या रांगेत बसून पेंगतात. जमले १,९४,०००.

इथे मोठी चूक झाली, आणि ती बाईंची आणि माझीही. हजाराच्या वर देणाऱ्याला पडद्याच्या तुकड्याचं छापील चित्र, आणि पाच हजार देणाऱ्याला माझ्या हातचं छोटं रंगवलेलं चित्र, अशी भेट ठेवायची कल्पना बाईंची. मी मान हलवली. पाच हजारवाले निघाले चौदा. चौदा चित्रं रंगवायला माझे शनिवार-रविवार दोन महिने गेले, आणि ज्या बाईंनी मला ‘तुझे पैसे कुठे’ विचारलं त्यांच्या तक्त्यात या दोन महिन्यांचा रकानाच नव्हता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकलें." एवढंच. मला ते आवडलं.

५८,००० कमी पडले, म्हणून पुस्तिका बारकी केली आणि पाचशेऐवजी तीनशे प्रती काढल्या. काही बिघडलं नाही.

आता भाषेचं. पुढच्या टप्प्यांसाठी त्यांनी माझ्या नावाने प्रस्ताव तयार केला, इंग्रजीत, गुळगुळीत. वाचला तर तो माझा वाटेना. आमचं जत्रेचं नाटक त्यात कसलासा ‘हेरिटेज परफॉर्मन्स’ झालं होतं, बाबा झाले होते ‘अननोन फोक आर्टिस्ट’. अननोन कुणाला? फोंड्यात कुणालाही विचारा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची सीनियर फेलोशिप असते, चाळिशीच्या पुढच्यांना, महिना २०,००० दोन वर्षं, ती त्यांनी सुचवली, कागदही जुळवून दिले, त्याबद्दल आभार. पण बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, जी १९९५पासून अनुदानं देते, तिथे भारतीय भाषांतून अर्ज करता येतो हे मला शाळेतल्या एका सहकारी बाईंकडून कळलं. या दोघांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना सुचलंच नाही. समोर मराठीत बोलणारी, मराठीत हिशेब लिहिणारी बाई बसली आहे, आणि तिचा अर्ज मराठीत जावा हे मनात येऊ नये, हे मला लागलं. गोव्यात आपल्याला याची सवय आहे म्हणून जास्त लागलं.

तरी दाखवण्याच्या रात्रीचं श्रेय त्यांचंच. माझ्या मनात पाटोवरचं संस्कृती भवन होतं. बाई आमच्या घरी आल्या, ओसरीवर अर्धाच उलगडलेला महाल बघितला आणि विचारलं, "हा भिंतीवर लावणार? हा वरून खाली यायला नको का?" बरोबर. अठरा फूट रुंद, बारा फूट उंच कापड ते. गावच्या उत्सवातच, त्याच मांडवात, नाटकाच्या दोन अंकांमध्ये चार पडदे एकापाठोपाठ सोडायचे, खाली माईकवर दोन वाक्यं, बस. भाडं शून्य, प्रेक्षक आयते.

तसं केलं. महाल आला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं की खांबांच्या सावल्या दोन बाजूंना पडल्यात. त्या तशाच आहेत. लहानपणी मीही विचारलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते, पेट्रोमॅक्स दोन असतात. मी माईकवरून तेच सांगितलं. जंगल आलं तेव्हा दोरी अडकली, पडदा अर्ध्यावर लटकला, नुसते हरणांचे पाय दिसत होते, आणि मांडवातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या काळीही अडकायचा म्हणे. जळका डाग मी रंगवून झाकलेला नाही. त्यावरून आमची दोन भेटींत वादावादी झाली होती, त्यात बाई माझ्या बाजूने होत्या, फोटोग्राफर विरुद्ध.

पाचातले साडेतीन. जायचं असेल तर मळ्यात गाडी ठेवायला जागा नाही, बसने जा. फेब्रुवारी ते मे या काळात गाठा, दिवाळीनंतर आशा ठेवू नका. कुणी कशाचे पैसे दिले होते ते जाण्याआधी आठवून ठेवा. आणि त्यांनी भेटवस्तू सुचवल्या तर आधी स्वतः एक करून बघा, किती तास लागले ते लिहा.

दुसऱ्या टप्प्याचा तक्ता गेल्या आठवड्यात आला. त्यात मी एक ओळ वाढवून परत पाठवली: ‘प्रस्ताव व पुस्तिका, मराठी लेखन, ८,०००’. तरुणाचा फोन आला, हे कुणाला द्यायचे? म्हटलं, मला.