वार्षिक शटडाऊन सेवा, वागळे इस्टेट: ट्रान्सफॉर्मरचं काम चोख, पॅनलचं ढिलं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका परवानाधारक विद्युत कंत्राटदाराच्या वार्षिक शटडाऊन सेवेचा, म्हणजे वर्षातून एकदा वीज बंद करून केलेल्या देखभालीचा, हा अभिप्राय. काम २२ केव्हीचा (किलोव्होल्ट) व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर, उच्च दाबाच्या बाजूचा मुख्य ब्रेकर), ट्रान्सफॉर्मर आणि एलटी (कमी दाबाच्या) पॅनलचं. दिवस शुक्रवार, सुट्टीचा.

वीज बंद करताना यांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. आधी कपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर सुधारणारा संच), मग एकेक फीडर (यंत्रांकडे वीज नेणारी लाइन), मेन एसीबी (एलटी बाजूचा मुख्य ब्रेकर) आणि शेवटी व्हीसीबी. व्हीसीबीची ट्रॉली (ब्रेकर बसवलेला सरकता भाग) बाहेर ओढून कुलूप लावतात, चावी पर्यवेक्षकाच्या खिशात. जनरेटर आणि छतावरच्या सोलरचे ब्रेकरही कुलूपबंद करतात. हे अनेक जण विसरतात आणि मग 'बंद' पॅनलमध्ये उलट्या बाजूने वीज येते. डिस्चार्ज रॉडचा (उरलेली वीज जमिनीत उतरवणारी काठी) क्लॅम्प आधी अर्थिंगला, मग टोक कंडक्टरला. काढताना बरोब्बर उलट. एक मात्र लक्षात ठेवा: व्हीसीबी बाहेर काढला तरी येणाऱ्या केबलवर वीज असतेच. तिथे हात घालायचा असेल तर महावितरणचा शटडाऊन लागतो. तो अर्ज हे करून देतात, पण आधी सांगावं लागतं.

ट्रान्सफॉर्मरचं काम उत्तम. तेलाचा नमुना तळाच्या व्हॉल्व्हमधून घेतात, कारण पाणी खाली बसतं. पहिलं थोडं तेल सोडून देतात आणि बुडबुडे जाईपर्यंत नमुना स्थिर ठेवतात. मग इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिमी अंतर ठेवून सहा वेळा बीडीव्ही (तेल किती दाबापर्यंत वीज अडवतं तो आकडा) तपासून सरासरी काढतात. ती ३० केव्हीच्या खाली गेली की फिल्टरेशन, म्हणजे तेल गाळून शुद्ध करणं. ओलावा शोषून गुलाबी पडलेलं सिलिका जेलही बदलून देतात.

पॅनलवर मात्र मार्क कापले. थर्मोग्राफी (उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी) भर लोडवर, वीज बंद करण्याआधी व्हायला हवी. हे कॅमेरा काढतात तो शटडाऊन घेतल्यावर. थंड पडलेल्या बसबारमध्ये (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) ढिला जोड दिसणार कसा? नट साध्या पान्याने आवळतात, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) नाही, आवळलेल्या नटावर मार्करची खूण नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या बसबारवर अंदाजाने जास्त आवळलं तर धातू दबतो आणि जोड पुढे पुन्हा सैल होतो. मेगरचे (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) आकडे अहवालात आहेत, तेलाचं तापमान नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही. एलटी बाजूला मेगर लावण्याआधी व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वायरी सोडवल्यात का, हेही स्वतः उभं राहून पाहावं. नाहीतर ड्राइव्हचं कार्ड जातं.

पुन्हा चालू करताना ट्रान्सफॉर्मर काही वेळ बिनलोड ठेवतात, हे योग्यच. केबल सुटी केली असेल तर फेज सीक्वेन्स (तिन्ही फेजचा क्रम) मीटरने तपासून घ्या. दोन फेज अदलाबदल झाले तर थेट जोडलेल्या सगळ्या थ्री-फेज मोटारी उलट्या फिरतात.

पाचपैकी साडेतीन तारे. तेलाच्या टॉपअपचे पैसे लिटरवर वेगळे लावतात, तो दर वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा.