बायकांची टेनिस टूर्नामेंट, एकदम फुकट, फक्त टोपी आणि चटई आपली आपण न्या

तर झालं असं की भाची तीन वर्षं झाली नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागे एका कोर्टवर टेनिस खेळतेय आणि आमच्या घरात टेनिस म्हणजे विम्बल्डनची फायनल, तीही जेवता जेवता, आवाज बंद करून. तिचे सर म्हणाले पुण्यात आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनची, लेडीज टूर्नामेंट लागलीय, एकदा नेऊन आणा तिला. मग काय, मंगळवारी पहाटे पावणेपाचला द्वारका सर्कलवरून गाडी काढली, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा सगळं झकास आणि चाकणला जे अडकलो ते पाऊण तास तिथेच. तेवढ्यात मित्राचा फोन, "फुकटची मॅच बघायला दोनशे किलोमीटर? गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजी असते तेव्हा घरातून उठत नाहीस तू." आता यावर काय बोलणार.

क्लबचं नाव घेत नाही, कारण थोडी खरडपट्टी पण काढायचीय. पण आधी खेळाचं.

गेटवर तिकीट नाही, कोणी विचारलं पण नाही कोण तुम्ही. आत गेलो तर चार कोर्टवर एकदम चार मॅच चालू आणि बघायला किती माणसं, तर सगळी मिळून साठ-सत्तर, त्यातले अर्धे आईबाप आणि कोच. आपण जाळीच्या तारेला नाक लावून उभं राहायचं, पलीकडे दहा फुटांवर ती पोरगी सर्व्हिस करतेय. टीव्हीवर कॅमेरा वरून असतो ना, त्यामुळे बॉल नेटच्या किती वरून जातो आणि मग टॉपस्पिनने, म्हणजे पुढे फिरत, कसा खाली आपटतो हे कळतच नाही. तिथे कळतं. बॉल टप्पा पडून खांद्याएवढा उसळत होता आणि ही लोकं तो मागे न सरकता उचलत होती. भाची अर्धा तास एक शब्द बोलली नाही, हे आमच्याकडे विक्रमी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या टूर्नामेंटा म्हणजे प्रोफेशनल टेनिसची सगळ्यात खालची शिडी. डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५, डब्ल्यू ५० असं करत डब्ल्यू १०० पर्यंत, डब्ल्यू म्हणजे विमेन आणि तो आकडा म्हणजे सिंगल्स जिंकणारीला मिळणारे रँकिंग पॉइंट. मेन ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धा, ३२ जणींचा, म्हणजे कप हवा तर पाच मॅच जिंका, क्वालिफायिंगमधून, म्हणजे आधीच्या पात्रता फेरीतून, आलात तर आणखी जास्त. आता पैशांचं ऐका. डब्ल्यू १५ ला एकूण बक्षीस १५,००० डॉलर, पण ते सिंगल्स डबल्स सगळ्यांत वाटलं जातं, जिंकणारीच्या हातात अडीच हजार पण पडत नाहीत, आणि पहिल्याच फेरीत हरलात तर शे-दीडशे डॉलर आणि पॉइंटचा बहुतेकदा भोपळा. म्हणजे बारा-तेरा हजार रुपये, त्यात हॉटेल, प्रवास, रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा बसवणं. गटिंगवाल्याच्या टेबलावर रॅकेटांचा ढीग पडलेला, तो मान वर न करता तारा ओढत बसला होता, मला वाटतं त्या आठवड्यात निव्वळ फायद्यात तोच एकटा असेल.

एक मॅच मात्र डोक्यातून जात नाही. बाहेरच्या कोर्टवर एक आपल्याकडचीच मुलगी, क्वालिफायिंगमधून आलेली, समोर एक उंच परदेशी सीडेड, म्हणजे मानांकन मिळालेली. बॉल उचलायला पोरं नाहीत, लाइनवर कोणी नाही, खुर्चीवर अंपायर एकटा आणि या दोघी प्रत्येक पॉइंटनंतर स्वतःच बॉल गोळा करतायत. आपली पोरगी पहिला सेट हरली, दुसऱ्यात ५-३ ने पुढे आणि तिथून ७-५ ने हरली. माझ्या शेजारी तिची आई बसलेली, दोनशे पानी वहीत प्रत्येक पॉइंटला एक खूण करत, शेवटच्या पॉइंटला पण खूण केली, पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत टाकली. मग पोरगी आली, बॅगेवरच बसली आणि स्टीलच्या डब्यातून दहीभात खायला लागली. कोणी काही बोललं नाही. माझ्या भाचीने हळूच विचारलं, "मामा, आता ती घरी जाणार?" म्हटलं हो, नाहीतर पुढच्या गावाला.

येताना संगमनेरला चहाला थांबलो तेव्हा तिला सांगितलं की इथून जवळच श्रीरामपूर, तिथली ऋतुजा भोसले, असल्याच टूर्नामेंटा खेळत खेळत २०२३ ला हँगझोऊच्या एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेऊन आली. आणि बेलारूसची सबालेंका, तीच ती पुढे नंबर वन झालेली, २०१७ ला चर्चगेटच्या सीसीआय क्लबवर मुंबई ओपन जिंकून गेली होती. ती या शिडीच्या एक पायरी वरची स्पर्धा, पण तेव्हा किती जणांनी बघितली असेल तिला? मुंबईत असून मी नाही बघितली, त्या आठवड्यात तिथेच होतो कामाला.

आता खरडपट्टी. आजच्या मॅच कुठल्या कोर्टवर, कोण कोणाशी, याचा एकच कागद, तोही ऑफिसच्या काचेला आतून चिकटवलेला आणि वर ऊन, वाचताच येत नाही. बसायला सिमेंटच्या पायऱ्या, सावली दुपारी दोननंतर. कॅन्टीनचा वडापाव मायक्रोवेव्हमधला, नाशिककराला तो कसा जाईल घशाखाली, मी अर्धा खाऊन ठेवला. लेडीज टॉयलेट लांब, आणि टूर्नामेंट बायकांची आहे हो!

तरी पाचपैकी चार स्टार, आणि एक सल्ला, रविवारची फायनल बघायला जाऊ नका, मंगळवार-बुधवार जा, तेव्हा सगळी कोर्टं भरलेली असतात. फोनवर स्ट्रीमिंग पण असतं पण एकच कॅमेरा, कॉमेंट्री नाही, लग्नाचं शूटिंग बघतोय असं वाटतं.

आईला, म्हणजे भाचीच्या आजीला, शाळेचा प्रोजेक्ट आहे सांगून गेलो होतो. रात्री साडेदहाला घरी आलो तर पोरीचं नाक उन्हाने लालबुंद. आजीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "जिंकलं कोण?" आणि खरं सांगतो, त्या वहीवाल्या बाईंच्या मुलीचं आडनाव सोडून आम्हा दोघांना एकही नाव आठवेना.