पक्षाघाताचे उपचार जोखायचे कशावरून: बिलाचे कोड की केसपेपर?

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात पक्षाघाताचे उपचार कसे होतात, हे मागाहून तपासायला दोन वाटा आहेत.

बिलासाठी भरलेले निदानाचे कोड झटपट मिळतात. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत आय६३ म्हणजे रक्तपुरवठा तुटून झालेला झटका, आय६१ म्हणजे मेंदूतला रक्तस्राव. रुग्ण भराभर मोजून होतात. पण रुग्ण किती वाजता आला, हे कोडला ठाऊक नसते.

आणि खरी मेख वेळेतच आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावे लागते. दारात आल्यापासून ६० मिनिटांत दिले तर चांगले. स्वारगेटच्या कोंडीत गेलेला वेळ रुग्णालयाच्या माथी मारायचा नसेल, तर ही दोन घड्याळे वेगळी हवीत. ती सापडतात केसपेपरात: कॅज्युअल्टीची नोंद, सीटीची वेळ, नर्सचा चार्ट. पाणी पाजण्याआधी गिळण्याची चाचणी केली का, हेही तिथेच. (डॉक्टरांचे अक्षर लागले तर!) मात्र केलेली चाचणी लिहिली नसेल, तर ती न केल्यातच जमा होते.

मी केसपेपरच निवडेन. सगळे नाही, दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून काढलेले तीसेक. कोड फक्त यादी काढायला, तेही ‘प्रकार नोंदवलेला नाही’ असा आय६४ धरून.