सिनॉलॉजी डीएस २२० प्लस : अपडेटच्या कसोटीवर

नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडून अनेकांनी मिळून वापरायचे साठवणुकीचे यंत्र, विकत घेताना आपण डिस्क किती बसतात, रॅम किती आहे आणि किंमत काय, एवढे विचारून थांबतो. वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालू राहणाऱ्या या यंत्राचा कस मात्र त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये, लागतो, आणि त्याबद्दल दुकानात कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून इतर गुणदोष इथेच आटोपतो : सेलेरॉन जे ४०२५ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि दोन डिस्कची सोय असलेले २०२० सालचे हे तैवानी यंत्र घरच्या किंवा छोट्या कार्यालयाच्या फायली सांभाळायला आजही पुरेसे आहे. पुढचे सगळे लेखन त्याच्या अपडेटविषयी आहे.

इंदूरला रामबागेत हे यंत्र आमच्या मंडळाचे दप्तर म्हणून काम करते. गणेशोत्सवाची छायाचित्रे, अहिल्योत्सवाच्या पालखीचे चित्रीकरण, जुन्या स्मरणिकांचे स्कॅन आणि वर्गणीचे हिशेब असा सगळा ऐवज त्यात आहे आणि तो पाहणारी मंडळी विशीपासून ऐंशीपर्यंतची आहेत. अशा ठिकाणी अपडेट करायचे की नाही, हा प्रश्न तांत्रिक कमी आणि जबाबदारीचा जास्त असतो.

सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात याबद्दल विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "चल रहा है तो छेड़ो मत, भिया." हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही, कारण डीएसएम ही या यंत्राची प्रणाली एकदा वरच्या आवृत्तीवर गेली की मागच्या आवृत्तीवर परतण्याची सोय कंपनी देत नाही, आणि तसे प्रत्येक आवृत्तीच्या माहितीपत्रकात लिहिलेलेही असते. परंतु न छेडण्याचे काय होते, ते वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या उपकरणाच्या मालकांनी जून २०२१ मध्ये पाहिले. २०१५ नंतर एकही अपडेट न मिळालेली ती उपकरणे इंटरनेटला जोडलेली होती. हल्लेखोरांनी ती दुरूनच रिसेट केली आणि अनेकांचा वर्षांचा साठा एका दिवसात पुसला गेला. तेव्हा अपडेट करावेच लागते. प्रश्न उरतो तो कधी आणि कोणत्या तयारीने, एवढाच.

या बाबतीत सिनॉलॉजीची व्यवस्था मला चोख वाटली. कंट्रोल पॅनेलमधल्या अपडेटच्या पानावर तीन पर्याय मिळतात : महत्त्वाच्या सुरक्षा-दुरुस्त्या तेवढ्या आपोआप बसवणे, येईल ते सर्व आपोआप बसवणे, किंवा फक्त सूचना देऊन निर्णय आपल्यावर सोडणे. मंडळासारख्या ठिकाणी पहिला पर्याय योग्य, कारण मोठी आवृत्ती कोणीतरी वाचून, समजून मगच बसवावी. नवी आवृत्ती सर्व देशांत एकाच दिवशी उपलब्ध होत नाही, टप्प्याटप्प्याने येते. थांबायचे नसल्यास कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलची पॅट फाईल (अपडेटची फाईल) उतरवून हातानेही चढवता येते.

अपडेटपूर्वी दोन गोष्टी वेगवेगळ्या कराव्या लागतात आणि त्यांची गल्लत करू नये. सेटिंग्जचा बॅकअप डीएसएस फाईलमध्ये मिळतो. त्यात वापरकर्ते, गट, फोल्डरांचे अधिकार असे सारे असते, पण आपला एकही फोटो नसतो. फोटोंसाठी हायपर बॅकअप या कंपनीच्याच साधनाने बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी लागते. दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात म्हणून बॅकअपची गरज नाही, असे समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एका डिस्कवरची फाईल चुकून पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. डीएसएम स्वतःसुद्धा यंत्रातल्या चिपवर फारशी नसून प्रत्येक डिस्कवर राखून ठेवलेल्या भागात असते, त्यामुळे अपडेट चालू असताना दोन्ही डिस्कवर लिहिणे चालू असते. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की इथे वीज केव्हा डोळे मिटेल याचा नेम नसतो. यूपीएस यूएसबी केबलने यंत्राला जोडलेला असावा आणि आभाळ भरून आलेले असताना अपडेटच्या वाटेला जाऊ नये.

बटण दाबल्यावर दहा ते वीस मिनिटे लागतील आणि मधेच यंत्र बंद करू नका, अशी ताकीद येते. मग पुढच्या बाजूचा निळा दिवा लुकलुकत राहतो, स्टेटसचा दिवा हिरवा होतो आणि एक बारीक ‘बीप’ ऐकू येते. तोपर्यंत खोलीत कोणीतरी असावे, एवढेच.

आता तक्रारीचा भाग, आणि तो लहान नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या डीएसएम ७.२.२ ने व्हिडिओ स्टेशन हे चित्रफिती पाहण्याचे साधन काढून टाकले, आणि एचईव्हीसीसारख्या चित्रफिती आकसून ठेवण्याच्या पद्धतींत साठवलेल्या फाइली उलगडण्याचे काम यंत्राकडून काढून घेऊन पाहणाऱ्याच्या फोनवर, संगणकावर किंवा टीव्हीवर सोपवले. मूळ फायलींना धक्का लागत नाही, हे खरे. पण आयफोनच्या एचईआयसी छायाचित्रांच्या लहान प्रतिमासुद्धा यंत्र आता स्वतः तयार करत नाही. त्यासाठी फोनवरचे अॅप किंवा संगणकावर इमेज असिस्टंट हा निराळा प्रोग्रॅम लागतो. नव्या फोनवाल्या तरुणांना यात काहीच जाणवणार नाही. जुना टीव्ही आणि त्याहून जुना लॅपटॉप घेऊन पालखीचे चित्रीकरण पाहणाऱ्या आजोबांना मात्र जाणवेल. विकत घेताना खोक्यावर जो गुण छापलेला होता, तो चार वर्षांनी अपडेटने काढून घ्यावा आणि परतीची वाटही ठेवू नये, हे मला पटत नाही. कंपनीने आगाऊ लिहून कळवले, एवढ्याने ते रास्त ठरत नाही. जमेची बाजू अशी की ७.२.१ वर थांबलेल्यांनाही सुरक्षेच्या दुरुस्त्या नंतर मिळाल्या, त्यामुळे निर्णय घाईने घ्यावा लागला नाही.

आणखी एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयर्लंडला झालेल्या पोन-टू-ओन या सुरक्षा-दोष शोधण्याच्या स्पर्धेत सिनॉलॉजी फोटोज या छायाचित्रांच्या अॅपमधील एक गंभीर दोष उघड झाला. पासवर्डही न लागता आणि मालकाने कुठेही क्लिक न करता यंत्रात शिरता येईल, असा तो होता. दुरुस्ती लवकरच आली, पण ती फोटोज या पॅकेजची, म्हणजे यंत्रावर वेगळ्या बसवलेल्या अॅपची, होती, डीएसएमची नव्हे. म्हणजे कंट्रोल पॅनेल ‘सर्व अद्ययावत आहे’ असे सांगत असतानाही पॅकेज सेंटर उघडून पाहावे लागते. हे दोन कप्पे एकाच पानावर दिसायला हवे होते.

कंपनीचे फर्मवेअर घेते तसे परतही देते, याचे उदाहरण एप्रिल २०२५ नंतरच्या प्लस मॉडेलांचे. त्यांत कंपनीने स्वतःच्या डिस्कचा आग्रह धरला होता. ऑक्टोबर २०२५ मधील डीएसएम ७.३ ने टेबलावर ठेवायच्या मॉडेलांसाठी तो सैल केला. डीएस २२० प्लसला हा नियम कधी लागलाच नव्हता. तेव्हा जुने यंत्र मिळत असेल तर सीगेट किंवा वेस्टर्न डिजिटलच्या डिस्क निर्धास्त घालाव्यात. २०२५ चे मॉडेल घ्यायचे असेल तर दुसऱ्या कंपनीच्या डिस्क बसवण्याआधी त्यावर ७.३ किंवा त्यापुढची आवृत्ती चढेल, याची खात्री दुकानातच करून घ्यावी.