मँडेलब्रॉट संच: पडद्यावर की कागदावर?

मँडेलब्रॉट संच म्हणजे एक साधे गणिती सूत्र पुन्हापुन्हा वापरून उमटणारी, काठाशी अतिशय बारीक नक्षी असलेली आकृती; ती पडद्यावर पाहावी की छापून, हा प्रश्न आहे. फोर-के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू मावतात. ए-२ आकाराच्या कागदावर इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने छापायचे तर जवळपास साडेतीन कोटी लागतात. त्यामुळे पडद्यासाठी काढलेली प्रतिमा ताणून छपाईला देऊ नये. हा संच सूत्रातून उमटतो, तेव्हा संगणक रात्रभर चालवावा लागला तरी छपाईच्या मापाने तो नव्याने काढून घेणेच योग्य. पडद्याची सरशी रंगांत आहे: संचाच्या काठावरचा झगझगीत निळा चार शाईंच्या छपाईत हमखास मंदावतो. मात्र प्रत्येक बिंदूच्या आत अनेक ठिकाणचे रंग काढून त्यांची सरासरी घेतली असेल, तर त्याच काठावरचे केसाएवढे तंतू कागदाला अगदी डोळा लावून पाहिले तरी सलग दिसतात, आणि एवढ्यासाठीच मी छापील प्रतीला झुकते माप देतो.