ओटीसी कार्डाच्या नावाखाली मामांचा अख्खा विमाच बदलला

अमेरिकेत ज्यांचे आई-वडील, सासू-सासरे, काका-मामा मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर, आहेत त्यांनी हे जरूर वाचावं, आणि त्यांनाही वाचून दाखवावं. टूथपेस्ट, व्हिटॅमिनच्या गोळ्या, सांधेदुखीचं मलम, बीपी मोजायचं यंत्र अशा ओटीसी, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, वस्तूंसाठी "फुकट कार्ड" देतो असं सांगणारे फोन न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांच्या घरी सर्रास येतात. असाच एक फोन माझ्या मामांना आला. कार्ड मिळालंही. पण त्यासोबत त्यांचा वर्षानुवर्षांचा चांगला विमा त्यांच्या नकळत गेला, आणि तो परत मिळवताना आम्हां सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

मामा एडिसनला राहतात. सगळी उमेद इथेच नोकरी करण्यात गेली, त्यामुळे मेडिकेअर त्यांच्या हक्काचं आहे. मूळ मेडिकेअरचा पार्ट ए (हॉस्पिटलसाठी) आणि पार्ट बी (डॉक्टर, तपासण्यांसाठी), वर मेडिगॅपचा, म्हणजे खाजगी पूरक विम्याचा, प्लॅन जी, आणि औषधांसाठी वेगळा पार्ट डी, अशी त्यांची व्यवस्था होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: प्लॅन जी असला की पार्ट बी चा वार्षिक डिडक्टिबल, २०२५ मध्ये तो २५७ डॉलर होता, एवढा आपण भरायचा. त्यापुढे मेडिकेअरला मान्य असलेल्या उपचारांचा आपल्या वाट्याचा खर्च हा प्लॅन उचलतो. मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाता येतं, नेटवर्क बघावं लागत नाही. हप्ता जास्त असतो, पण मामांना स्टेंट बसवलेला आहे आणि त्यांचा हृदयाचा डॉक्टर त्यांना बदलायचा नाही. म्हणूनच इतकी वर्षं ते तो हप्ता भरत आले.

फोन आला २०२४ च्या शरद ऋतूत. हा हंगाम महत्त्वाचा आहे. दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात मेडिकेअरवाल्यांना योजना बदलता येते, आणि बदल १ जानेवारीपासून लागू होतो. त्या दिवसांत टीव्हीवर जाहिराती, पेटीत रंगीत पाकिटं आणि फोन यांचा नुसता मारा असतो. पलीकडे हिंदी बोलणारी बाई होती. "अंकलजी" म्हणून तिने सुरुवात केली, मामींच्या तब्येतीचीही चौकशी केली. म्हणाली, मेडिकेअरने ज्येष्ठांसाठी ओटीसीचे पैसे मंजूर केलेत, तुमचे अजून घेतलेले दिसत नाहीत, वर्षअखेर बुडतील. फक्त मेडिकेअर कार्डावरचा नंबर सांगून खात्री करून घ्या.

मामा साधेभोळे नाहीत. इंजिनिअर माणूस, बँकेचा एकेक कागद वाचणारा. पण त्यांच्या ओळखीच्या दोघातिघांकडे खरोखरच अशी कार्डं होती, ते दर तिमाहीला औषधाच्या दुकानातून वस्तू आणत होते. मामींना ते म्हणालेसुद्धा, "अगं, कुलकर्ण्यांना मिळतं ते हेच." म्हणजे ऐकलेलं खोटं नव्हतं. या फसवणुकीची धार तिथेच आहे, म्हणून ओटीसीची सवलत म्हणजे नक्की काय ते नीट सांगते.

मूळ मेडिकेअर बिनाचिठ्ठीच्या वस्तूंचे पैसे देत नाही. ही सवलत देतात मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना, म्हणजे पार्ट सी, ज्या खाजगी विमा कंपन्या चालवतात. त्यातल्या काही योजना सभासदाला महिन्याला किंवा तिमाहीला ठरावीक रक्कम कार्डावर भरून देतात. ती ठरलेल्या दुकानांत किंवा कंपनीच्या कॅटलॉगमधून, ठरलेल्याच वस्तूंवर खर्च करायची. वेदनाशामक गोळ्या, ॲसिडिटीची औषधं, सर्दी-खोकल्याची औषधं, बँडेज, टूथपेस्ट अशा वस्तू बहुधा बसतात. शाम्पू, केसांचं तेल, अंगाचा साबण बहुधा बसत नाही. उरलेले पैसे बहुतेक योजनांत पुढच्या तिमाहीत नेता येत नाहीत. जे सभासद आहेत त्यांनी ही सवलत पुरेपूर वापरावी, ती त्यांच्या योजनेचाच भाग आहे. पण ती योजनेला चिकटलेली आहे, सुटी मिळत नाही. मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप असलेल्या माणसाला कोणी ओटीसी कार्ड देऊ करत असेल, तर तो त्याला आत्ताच्या व्यवस्थेतून उठवून दुसऱ्या योजनेत घालत असतो. "सरकारचं कार्ड" असं काही नसतं.

नंबर सांगितल्यावर त्या बाईने फोन "सुपरवायझर"कडे जोडला. तो इंग्रजीत भराभर बोलला. नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि मग मान्य आहे का, मान्य आहे का, असे प्रश्न. मामा "येस, येस" म्हणत गेले. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते कार्डाचा अर्ज भरत होते. प्रत्यक्षात त्यांची एका एचएमओ योजनेत, म्हणजे सहसा नेटवर्कमधलेच डॉक्टर चालणाऱ्या ॲडव्हान्टेज योजनेत, नोंदणी होत होती. अनोळखी माणसाने आपणहून फोन करून मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना विकणं नियमाने मना आहे. मेडिकेअर स्वतः तर वस्तू देऊ करायला किंवा नंबर विचारायला असा फोन करतच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न मलाही पडला होता. २०२५ सालासाठी न्यू जर्सीत एका नवीन नोंदणीमागे एजंटला जास्तीत जास्त ७८० डॉलर कमिशन देता येत होतं. प्रामाणिक एजंट भरपूर आहेत, आमच्या ओळखीत आहेत. पण मामांना मिळालेलं कार्ड तिमाहीला साठ डॉलरचं होतं, आणि त्या साठ डॉलरच्या आमिषावर कोणीतरी शेकडो डॉलर कमावले, हे मला अजून सलतं.

थोड्या दिवसांनी दुसरा फोन आला. आता मेडिगॅप बंद करून टाका, उगाच दोन हप्ते कशाला भरता, असं तो माणूस म्हणाला. या वेळी फोन मामींनी घेतला होता. कागद बघितल्याशिवाय मी काही बंद करत नाही, असं सांगून त्यांनी ठेवून दिला. मामींच्या या एका उत्तराने पुढे आम्हाला वाचवलं.

जानेवारीत मामा रक्त पातळ करणारी गोळी आणायला गेले तेव्हा पहिल्यांदा उलगडा झाला. औषधाच्या दुकानात सांगितलं, तुमचा औषधांचा प्लॅन ३१ डिसेंबरला संपला. ॲडव्हान्टेजच्या एचएमओ योजनेत नोंद झाली की वेगळा पार्ट डी आपोआप रद्द होतो. मामांनी कोणाला काही रद्द करायला सांगितलंच नव्हतं. त्याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला की तुमच्या नव्या योजनेच्या नेटवर्कमध्ये आम्ही नाही, हृदयाच्या इको तपासणीचे सगळे पैसे तुम्हाला भरावे लागतील. मामांनी मला फोन केला तो आवाज मी विसरणार नाही. त्यांना पैशांपेक्षा लाज जास्त वाटत होती. आपल्या घरांत हीच अडचण आहे. म्हातारी माणसं फसली की मुलांपासून लपवतात, आणि त्या लपवण्यात मुदती निघून जातात.

मुदत आमच्या हातात होती. ॲडव्हान्टेज योजनेत असलेल्याला १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात एकदा योजना बदलता येते किंवा मूळ मेडिकेअरकडे परत जाता येतं, आणि सोबत पार्ट डी घेता येतो. बदल पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतो. आम्ही १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या नंबरावर फोन केला. तिथे फुकट दुभाषा मागता येतो. मामांना शेजारी बसवलं, कारण त्यांच्या परवानगीशिवाय ते माझ्याशी बोलत नाहीत. घडलं ते सांगितलं, तक्रार नोंदवली, १ फेब्रुवारीपासून मूळ मेडिकेअर आणि नवा पार्ट डी सुरू करून घेतला. आणि मेडिगॅप? ॲडव्हान्टेजमध्ये गेल्यावर मेडिगॅप आपोआप बंद होत नाही, आपण बंद करावा लागतो. मामींनी तो केला नव्हता, हप्ते जातच होते, त्यामुळे प्लॅन जी जसाच्या तसा राहिला. तो बंद केला असता तर, कंपनी आजार बघून नकार देऊ शकते म्हणून, स्टेंटवाल्या माणसाला पुन्हा मिळवणं किती अवघड आहे, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मेडिगॅप सोडून पहिल्यांदाच ॲडव्हान्टेजमध्ये गेलेल्यांना वर्षाच्या आत परत येण्याचा एक हक्क असतो, त्यात जुनी पॉलिसी कंपनी अजून विकत असेल तर परत मिळते. पण तो हक्क वर्षभरापुरताच, आणि दुसऱ्यांदा जाणाऱ्याला सहसा नाही.

नोंदणीच्या फोनचं रेकॉर्डिंग आम्ही त्या योजनेकडे मागितलं. त्यांनी ऐकवलं. हिंदी बोलणाऱ्या बाईचा भाग त्यात नव्हताच, सुपरवायझरपासूनच सुरुवात होती. "तुमची सध्याची योजना बदलेल" हे वाक्य त्यात आहे, घाईत, दोन प्रश्नांच्या मध्ये दडवलेलं. त्यानंतर मामांचं "येस". जानेवारीतली तपासणी फेब्रुवारीवर ढकलून बिल टाळलं, गोळ्यांचे पैसे मात्र खिशातून गेले. तक्रारीवर त्या एजंटचं काय झालं ते आम्हाला कळवलेलं नाही.

एवढ्यावर संपत नाही, कारण नंबर बाहेर गेलेला असतो. मेडिकेअरचा तो अकरा अक्षरा-आकड्यांचा नंबर हाती असला की न दिलेल्या वस्तूंची बिलं लावता येतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑपरेशन ब्रेस युवरसेल्फ या नावाने कारवाई केली. ज्येष्ठांना फोन करून "फुकट" गुडघ्याचे आणि पाठीचे पट्टे गळ्यात मारायचे आणि मेडिकेअरला बिल लावायचं, असं ते प्रकरण होतं, नुकसान १.२ अब्ज डॉलरच्या वर सांगितलं गेलं. म्हणून मामांच्या घरी येणारं मेडिकेअरचं खर्चाचं पत्रक आता मी स्वतः बघते. न घेतलेला पट्टा, न केलेली जनुकीय चाचणी, न मागितलेले कॅथेटर असं काही दिसलं की लगेच मेडिकेअरला कळवायचं. नंबर चोरीला गेला असेल तर मेडिकेअर नवा नंबर देतं, तोही मागून घ्यावा.

ज्यांना खरंच ओटीसीची सवलत असलेली योजना हवी आहे, त्यांनी आपल्या राज्याच्या शिप या मेडिकेअरबद्दल सल्ला देणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या समुपदेशकाशी बोलावं. हे लोक काही विकत नाहीत आणि पैसे घेत नाहीत. त्यांना आपल्या डॉक्टरांची आणि औषधांची यादी द्यावी, नेटवर्क तपासून घ्यावं, आणि कार्डावरच्या रकमेचा विचार त्यानंतर करावा. पार्ट बी चा हप्ता, २०२५ मध्ये बहुतेकांना महिना १८५ डॉलर, ॲडव्हान्टेजमध्ये गेल्यावरही सहसा भरावाच लागतो, हेही लक्षात असू द्या. ग्रीन कार्डावर येऊन पाच वर्षं सलग राहिलेले आणि हप्ता भरून मेडिकेअर घेणारे आई-वडील तर या फोनांना आणखी सहज सापडतात, कारण त्यांना ही सगळी व्यवस्थाच नवी असते.

आणि तुमच्या घरी असं होऊन गेलं असेल, मार्च उलटला असेल, तरी गप्प बसू नका. दिशाभूल करून नोंदणी झाली असेल तर मेडिकेअर विशेष मुदत देऊ शकतं, पण ती आपणहून मिळत नाही, मागावी लागते. फोन करताना तारीख, आलेला नंबर, समोरचा काय म्हणाला ते कागदावर लिहून ठेवा, आणि नव्या योजनेचं आलेलं पाकीट फेकू नका, त्यावरची नोंदणीची तारीख कामी येते.