जीमेलचे फिल्टर की आउटलूकचे रूल? सोलापूरच्या टॉवेल-युनिफॉर्मवाल्या ऑफिसला काय परवडेल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही टॉवेलच्या किंवा युनिफॉर्मच्या ऑफिसात सकाळी मेल उघडा, साधारण सारखंच चित्र असतं. बायरची पीओ (परचेस ऑर्डर), सूतवाल्याची रेट लिस्ट, सीए ऑफिसचं "परचेसची बिलं अजून आली नाहीत", बँकेचे अलर्ट, ट्रान्सपोर्टवाल्याने स्कॅन करून पाठवलेली बिल्टी (माल पाठवल्याची पावती), आणि या सगळ्याच्या मधे मधे लोनच्या आणि मशिनरी प्रदर्शनाच्या जाहिराती. मालक हे फोनवर बघतात, ऑफिसमधल्या ताई कॉम्प्युटरवर बघतात, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याने बघितलंय. यात एखादी चौकशी तीन दिवस तशीच पडून राहते आणि तोवर पार्टीने दुसरीकडे सँपल मागवलेलं असतं.

मग कोणीतरी सांगतं की ऑटोमॅटिक रूल लावा, मेल आपोआप वेगळे होतात. बरोबर आहे, होतात. पण जीमेलमध्ये लावायचे की आउटलूकमध्ये यावर जे बोलणं चालतं ते बहुतेक वेळा दिसायला कुठलं छान, स्वस्त कुठलं, यावरच संपतं, आणि मला वाटतं खरा प्रश्न मागेच राहतो, तो म्हणजे तुमचा रूल चालतो कुठे? सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या सतत चालू असलेल्या कॉम्प्युटरवर, की तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर?

जीमेलचा फिल्टर गुगलच्या सर्व्हरवर चालतो. तुमचा कॉम्प्युटर बंद असो, लाईट गेलेली असो, ताई सुट्टीवर असोत, मेल आला की फिल्टर लागलाच, आणि मालकाच्या फोनवर तो मेल लेबल लागूनच दिसतो. आउटलूकचं मात्र दोन प्रकारचं आहे आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. मेल खातं मायक्रोसॉफ्ट ३६५ (मायक्रोसॉफ्टची पैसे भरून घ्यायची ऑफिस-मेलची सेवा) किंवा आउटलूक डॉट कॉमचं असेल तर बरेचसे रूल तिकडे सर्व्हरवरच चालतात. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काय असतं, वेबसाइट बनवणाऱ्याने होस्टिंगसोबत एक इन्फो ॲट कंपनीच्या नावाचा मेल दिलेला असतो, तो पॉपने किंवा आयमॅपने (मेल घ्यायच्या दोन पद्धती, पॉप मेल कॉम्प्युटरवर उतरवतं, आयमॅप सर्व्हरवरच ठेवून दाखवतं) ऑफिसच्या जुन्या आउटलूकमध्ये जोडलेला असतो, आणि रूल त्या आउटलूकमध्ये लावलेले असतात. असे रूल आउटलूक उघडं असेल तेव्हाच चालतात. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला की रूलही बंद, रात्री अमेरिकेच्या बायरचे मेल येतात ते मालकाच्या फोनवर जसेच्या तसे ढिगाने. आयमॅप असेल तर निदान सकाळी आउटलूक उघडल्यावर हललेले मेल फोनवरही हललेले दिसतात. पॉप असेल तर तेही नाही, कारण पॉपमध्ये मेल खाली उतरून कॉम्प्युटरच्या पीएसटी फाइलमध्ये बसतो आणि तिथे तुम्ही कितीही फोल्डर करा, फोनला त्याचा पत्ताच नसतो. वर ती हार्ड डिस्क गेली की सगळंच गेलं.

त्यामुळे "आम्ही आउटलूक वापरतो" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, खातं कुठलं आहे? थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रॅमचंही तसंच. फुकट आहे, चांगलं आहे, फिल्टरही भरपूर आहेत, पण तेही प्रोग्रॅम चालू असतानाच काम करतात. होस्टिंगचाच मेल ठेवायचा असेल तर होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये (होस्टिंगची सेटिंग करायचं पान) ईमेल फिल्टर्स म्हणून जागा असते, तिथे लावलेला फिल्टर सर्व्हरवर चालतो. दिसायला रुक्ष आहे, पण नवीन काही विकत न घेता अर्धं काम होतं, आणि हे वेबसाइटवाला सहसा स्वतःहून सांगत नाही.

आता सर्व्हर विरुद्ध सर्व्हर धरू, म्हणजे जीमेल किंवा गुगल वर्कस्पेस (ऑफिससाठीचं पैसे भरून घ्यायचं जीमेल) एका बाजूला आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ चं आउटलूक दुसऱ्या बाजूला.

पहिला मोठा फरक लेबल आणि फोल्डरचा. जीमेलचं लेबल म्हणजे बिलावर लावलेली चिठ्ठी, एकाच बिलावर तीन चिठ्ठ्या लागू शकतात. आउटलूकचं फोल्डर म्हणजे कपाटातला कप्पा, बिल एका वेळी एकाच कप्प्यात. समजा दुबईच्या पार्टीने पीओ पाठवली आणि त्याच मेलमध्ये मागच्या मालाचं पेमेंट ॲडव्हाइस, म्हणजे पैसे पाठवल्याची चिठ्ठी, जोडलं, तर जीमेलमध्ये त्याला पार्टीचं, पीओचं आणि पेमेंटचं अशी तिन्ही लेबलं लागतात, अकाउंटवाल्यालाही सापडतं, डिस्पॅचवाल्यालाही. आउटलूकमध्ये रंगीत कॅटेगरी लावून हे करता येतं आणि रूलनेही लावता येतं, पण लोक फोल्डरच करत बसतात, मग एकजण म्हणतो मेल आलाच नाही आणि तो दुसऱ्याच फोल्डरमध्ये निघतो. मला स्वतःला लेबलची पद्धत जास्त आवडते. तरी ज्या ऑफिसात वर्षानुवर्षं पार्टीवार फाइल लावायची सवय आहे तिथे फोल्डर लवकर पचतं हेही बघितलंय, माणसांची सवय मोडून सॉफ्टवेअर बसवण्यात अर्थ नसतो.

दुसरा फरक क्रमाचा, आणि इथे आउटलूक सरळ पुढे आहे. आउटलूकमध्ये रूल वरून खाली चालतात, तुम्ही क्रम लावू शकता, प्रत्येक रूलला अपवाद जोडता येतो, आणि "स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स" अशी टिक असते की हा रूल लागला तर पुढचे बघू नको. ब्राउझरमध्ये नवीन रूल करताना ही टिक आधीच लागलेली असते बरं का, ती न बघितल्यामुळे खालचा रूल चालतच नाही आणि लोक डोकं धरून बसतात. जीमेलमध्ये क्रम नाही. मेल जितक्या फिल्टरला जुळेल ते सगळे लागतात. म्हणजे एका फिल्टरने बायरला लेबल लावलं आणि दुसऱ्याने जाहिरातीचा कुठलातरी शब्द बघून "स्किप द इनबॉक्स" केलं, तर बायरचा मेलही इनबॉक्सच्या बाहेर जातो. अपवाद पाहिजे तर "डझन्ट हॅव" च्या रकान्यात शब्द टाकायचा किंवा शोधायच्या भाषेत वजाचं चिन्ह वापरायचं, होतं, पण दहा-बारा फिल्टर झाले की लक्षात ठेवणं कठीण जातं.

तिसरी गोष्ट छोटी वाटेल पण आपल्या धंद्यात हीच जास्त त्रास देते, शब्द कसा जुळतो ती. समजा तुम्ही ठरवलं की सब्जेक्टमध्ये इंग्रजीत पी आणि ओ अशी दोन अक्षरं आली की मेल ऑर्डरच्या फोल्डरला जाऊ दे. आउटलूकचा रूल पूर्ण शब्द बघत नाही, अक्षरांची जोडी कुठेही सापडली की धरतो. आता बघा, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, डिपॉझिट, या सगळ्यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पी-ओ आहेच! ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी, लॅबचा टेस्ट रिपोर्ट, बँकेच्या फिक्स्ड डिपॉझिटची जाहिरात, सगळं ऑर्डरमध्ये जाऊन बसतं. जीमेलचं उलट आहे, तो पूर्ण शब्दच जुळवतो. त्यामुळे एक्सपोर्ट धरणार नाही हे चांगलं, पण पार्टीने पीओ आणि नंबर मधे जागा न सोडता चिकटवून लिहिला तर तोही धरणार नाही, मधे जागा किंवा डॅश असेल तर धरेल. म्हणून दोन्हीकडे माझा एकच आग्रह, शब्दावर कमी आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर जास्त भर द्या. पार्टीचा मेल पत्ता ठरलेला असतो, सब्जेक्ट मात्र प्रत्येकजण आपापल्या मनाने लिहितो, कोणी "अर्जंट" लिहितं, कोणी काहीच लिहीत नाही.

बनवायला सोपं कुठलं? जीमेलमध्ये वरच्या शोधायच्या पट्टीत उजव्या टोकाला जे चिन्ह आहे ते दाबलं की फॉर्म येतो, पत्ता टाका, आधी नुसतं शोधून बघा की बरोबर तेच मेल येतात का, मग "क्रिएट फिल्टर". हे आधी शोधून बघणं मला फार मोलाचं वाटतं कारण चूक तिथेच दिसते. खाली "मॅचिंग कन्व्हर्सेशन्स" ला पण लावा अशी टिक असते, ती केली की जुन्या मेललाही लेबल लागतं, फक्त फॉरवर्ड मात्र नवीन मेललाच होतो. आउटलूकमध्ये मेलवर राईट क्लिक करून रूल बनतो, जुन्यांसाठी "रन रूल्स नाऊ" आहे. एक अडचण म्हणजे फोनच्या जीमेल ॲपमधून फिल्टर बनवता येत नाही, कॉम्प्युटर लागतोच. आणि इनबॉक्सला बगल देऊन लेबलमध्ये गेलेल्या मेलचं नोटिफिकेशन फोनवर आपोआप येत नाही, अँड्रॉइडवर त्या लेबलचं नोटिफिकेशन वेगळं चालू करावं लागतं. बायरच्या लेबलला हे कराच.

जाहिराती हाकलायला आउटलूकच्या वेब आवृत्तीतलं स्वीप छान आहे, एका पाठवणाऱ्याचा फक्त शेवटचा मेल ठेव किंवा दहा दिवसांपेक्षा जुने काढून टाक असं सांगता येतं. सूताच्या रोजच्या रेटच्या मेलला हे अगदी फिट बसतं, कालचा रेट आज कोणाला हवा असतो! जीमेलच्या फिल्टरमध्ये "इतके दिवस झाले की काढ" असं नाही, तिथे प्रमोशन्सच्या टॅबवर भागवायचं.

दोन-तीन माणसं एकच मेल बघत असतील तर मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये शेअर्ड मेलबॉक्स मिळतो, ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, बघणाऱ्या माणसांची लायसन्स मात्र लागतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत निम्मा स्टाफ सुट्टीवर असतो तेव्हा याची किंमत कळते, कोणाचाही पासवर्ड न मागता दुसरा माणूस तोच इनबॉक्स उघडतो. जीमेलमध्ये डेलिगेट करून दुसऱ्याला आपला इनबॉक्स दाखवता येतो, एक-दोन माणसांना ठीक आहे. साध्या फुकट जीमेलला १५ जीबी मिळतात आणि त्यातच ड्राइव्ह आणि फोटो येतात, जेकार्ड डिझाइनच्या जड फाइली येत असतील तर ते लवकर भरतं.

आता जे रूल करायचे नाहीत ते. जीएसटी, इन्कम टॅक्स आणि बँक यांचे मेल कधीही इनबॉक्सच्या बाहेर पाठवू नका आणि वाचलेले म्हणून मार्क करू नका. त्यांना लेबल लावा, रंग द्या, पण समोर ठेवा. दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी असतंच, त्या धावपळीत एखादी नोटीस बाजूच्या फोल्डरमध्ये पडून राहिली तर उत्तर द्यायची मुदत निघून जाते, आणि इन्कम टॅक्सच्या नोटिसा हल्ली मेलवरच येतात. जीमेलच्या फिल्टरमधली "नेव्हर सेंड इट टू स्पॅम" ही टिक फक्त ओळखीच्या एकेका पत्त्याला लावा, "पेमेंट" सारख्या शब्दाला अजिबात नको, नाहीतर फसवणुकीच्या मेलला तुम्हीच दार उघडून दिल्यासारखं होतं.

आणि एक्सपोर्ट करणाऱ्यांनी हे नीट वाचा. चोर मेलचा पासवर्ड मिळवतात तेव्हा लगेच काही करत नाहीत, गुपचूप एक रूल लावून ठेवतात, की इनव्हॉइस किंवा पेमेंट शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्ड कर आणि इकडे डिलीट कर किंवा आरएसएस फीड्ससारख्या कधी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाक. मग बायरला तुमच्याच नावाने मेल जातो की आमचं बँक खातं बदललंय, बायर विचारतो तो मेल तुम्हाला दिसतच नाही, आणि कंटेनरचे पैसे भलत्याच खात्यात जातात. या बाबतीत दोन्हीकडे थोडं संरक्षण आहे, मायक्रोसॉफ्ट ३६५ बाहेरच्या पत्त्यावर होणारं ऑटोमॅटिक फॉरवर्डिंग मुळातच अडवतं, जीमेल फॉरवर्डचा पत्ता आधी पडताळायला लावतं. पण डिलीट करणारा रूल कोणीच अडवत नाही. म्हणून जीमेलमध्ये सेटिंगमधलं "फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस" आणि "फॉरवर्डिंग", आउटलूकमध्ये "रूल्स" आणि "फॉरवर्डिंग", ही पानं ३बी भरायच्या दिवशीच एकदा उघडून बघायची सवय लावा. ओळखीचा नाही असा रूल दिसला तर रूल काढा, पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, आणि बायरला मेल न करता फोन करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

तर घ्यायचं काय? एकट्याचं किंवा घरच्यांचं दुकान असेल, चाटी गल्लीसारख्या बाजारात बसून बहुतेक काम फोनवर चालत असेल, तर जीमेल. पाच-सात फिल्टर पुरतात, बायर, सीए, बँक, ट्रान्सपोर्ट आणि जाहिराती. स्टाफ चार-पाच जणांचा असेल, मार्च ते जून शाळांच्या युनिफॉर्मच्या ऑर्डरी एकदम अंगावर येत असतील, एका शाळेचे मेल मुख्याध्यापक, संस्था आणि दुकानदार अशा तिघांकडून येत असतील, तर क्रम आणि अपवाद लागतातच, तिथे मायक्रोसॉफ्ट ३६५ चा खर्च वसूल होतो. आणि होस्टिंगचा मेल पॉपने आउटलूकमध्ये ओढणाऱ्यांनी यातलं काहीही निवडायच्या आधी पॉप सोडावं, आयमॅप करावं, पीएसटीची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. तो मेल जीमेलमध्ये पॉपने ओढून घ्यायची जुनी सोय होती, पण २०२६ पासून ती काढून घ्यायचं गुगलने जाहीर केलंय, त्या भरवशावर नवीन काही उभं करू नका. हे बदल शनिवारी संध्याकाळी करा, रविवारी मेल कमी असतात, आणि सोमवारी सकाळी ताईंच्या शेजारी बसून प्रत्येक लेबल उघडून दाखवा, कारण रूल कोणी लावले यापेक्षा रोज उघडून कोण बघणार हे आधी ठरलेलं बरं.